चालू दुकानाचा सूर्यास्त

डेटन, ओहायो
१२ जानेवारी १९९७

चि. व्हर्निटास,
थोरल्या भावाचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकाने तुझं पुस्तक घेतलं हे वाचून आनंद झाला. आनंद झाला असं मी लिहितो तेव्हा तो झालेला असतो, पुन्हा विचारू नकोस. तुझ्या कवितांची दोन पुस्तकं मी मागच्या खोलीत बाबांच्या ट्रेडल मशीनवर छापली, तेव्हा एक शहाणा म्हणाला होता की बहिणीच्या कविता भावानेच छापायच्या आणि भावानेच वाचायच्या. तो शहाणा मीच. शब्द मागे घेतो.

पण हे आठवणींचं पुस्तक आहे आणि त्यात आपलं दुकान येणार, म्हणून बजावतो. बाबांनी ते १९४९ साली वेस्ट थर्ड स्ट्रीटवर उघडलं. पुढे आपल्या काळ्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं, मागे छपाई. पाटी हिरवी होती आणि आहे. तुझ्या कवितेत तू ती निळी केली होतीस. कवितेत खपलं. आठवणीत खपणार नाही. एक खडा दाताखाली आला की माणूस अख्खा भात थुंकतो.

ख्रिसमसच्या जेवणात मी दुकान बंद करतो म्हणालो ते तू मनाला लावून घेतलेलं दिसतं. तसं काही नाही. कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली, पगार गेले, पुस्तकं घेणारे हात खिशातच राहिले, म्हणून चिडून बोललो. अंत्यविधीची पत्रकं छापणं चालू आहे. माणसं मरायची थांबलेली नाहीत.

आता कामाचं. गावाबाहेरच्या मॉलमध्ये पुस्तकांचं एक प्रचंड दुकान येतं आहे, कॉफीसकट. तिथे म्हणे काळ्या लेखकांसाठी वेगळं कपाट असेल. इतकी वर्षं ज्यांनी आपल्या पुस्तकांना चिमट्यानेही हात लावला नाही, त्यांना आता कळलं की आपण विकले जातो. माझा भाडेकरार ऑक्टोबरात संपतो आणि मालकाला दुकानात गर्दी बघायची आहे. तुझं पुस्तक सप्टेंबरात येईल, तेव्हा पहिल्या शनिवारी पहिली विक्री आपल्याकडे ठेव. चर्चच्या वाचनमंडळांतल्या बायका तुझ्यासाठी येतील आणि एकदा आल्या की वाट ओळखीची होईल. त्या एका शनिवारावर हे दुकान उभं राहील किंवा बसेल. मी कोणाकडे काही मागत नाही, हे तुला माहीत आहे. हे मागतो आहे.

कळावे. लोभ आहेच, तो पत्रात लिहून झिजवू नये.
रॉस्को

ब्रुकलिन
२ फेब्रुवारी १९९७

ती. रॉस्कोदादास,
शि. सा. न. वि. वि. (टिंबं नीट दिली आहेत, भिंग खाली ठेव.)

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. तू शब्द मागे घेतलास! ते पान चौकटीत लावून भिंतीवर टांगणार आहे, पाहुण्यांना दाखवायला.

माझ्या संपादकबाई, मिस व्हिटलॉक, गोऱ्या आहेत, मायाळू आहेत आणि आपल्या दुकानाच्या अगदी प्रेमात पडल्या आहेत. शाईचा वास कसा, बाबा छपाईचे खिळे जुळवताना काय गुणगुणायचे, सगळं खोदून विचारतात. आपल्या पत्रकांत जन्माला सूर्योदय आणि मरणाला सूर्यास्त म्हणतात हे समजावून त्यांना चर्चमधल्या डीकन बरेलचा किस्सा सांगितला. घरच्यांनी घाई करून पत्रक छापून घेतलं, सूर्योदय अमुक साली, सूर्यास्त या मंगळवारी, आणि डीकनसाहेब हॉस्पिटलातून स्वतःच्या पायांनी घरी आले, आपलंच पत्रक वाचलं आणि फोटो इतका जुना का घातला म्हणून बायकोशी भांडले. तेव्हापासून बाबांचा नियम झाला की अंत्यविधीवाल्यांचा फोन आल्याशिवाय सूर्यास्ताची तारीख जुळवायची नाही. तू तो अजून पाळतोस हे सांगितल्यावर बाईंचे डोळे भरून आले. त्यांचे डोळे पटकन भरतात.

ख्रिसमसला तू वसंतात कुलूप लावतो म्हणालास तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला होता, दादा. परतीच्या बसमध्ये सगळं लिहून काढलं. आता तू तसं नाही म्हणतोस. बरं.

आणि शनिवार तुझा. पहिली प्रत बाबांच्या गल्ल्यावरच विकली जाईल, त्यांच्या शपथेवर. तू मात्र त्या दिवशी कोट घाल आणि गिऱ्हाइकांचं व्याकरण सुधारू नकोस.

लोभ आहे त्यातला कापू नकोस. वाढवलास तर मी तक्रार करणार नाही.
तुझी व्हर्निटा

डेटन
२० एप्रिल १९९७

चि. व्हर्निटास,
हेझलीन आत्याचे गालगुच्च्यासकट आशीर्वाद.

गुडघे सोडले तर मी ठीक आहे. तुझ्या भावाचं नशीब जरा उघडलंय बाई. अंत्यविधी करणारे आपले मिस्टर ड्युलेनी, त्यांनी सगळी पत्रकं यापुढे रॉस्कोकडेच टाकायची ठरवलं. घरमालकही नरमलाय. सप्टेंबरात गर्दी दिसली तर करार नवा करतो म्हणाला. रॉस्को इतका खूश आहे की आठवड्याला दोनच गिऱ्हाइकांचा अपमान करतो. परवा एकीने मॉलमध्ये स्वस्त मिळतं म्हटलं, तर त्याने तिला दार उघडून दिलं आणि मॉलला जाणाऱ्या बसचा नंबर सांगितला.

ते मॉलमधलं दुकान उघडलं. आमच्या रेव्हरंडनी रविवारी घसा फोडून सांगितलं की आपला पैसा आपल्याच माणसांत फिरला पाहिजे. उभं राहून टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. दुपारी रेव्हरंड तिथे बसून कॉफी पीत होते, मी डोळ्यांनी बघितलं. मी तिथे काय करत होते ते विचारू नकोस. खुर्च्या चांगल्या आहेत.

ओडमबाईंचा नवरा गेला. पत्रकात 'त्यांच्या पश्चात' या मथळ्याखाली पहिल्या बायकोच्या मुलाचं नाव नव्हतं. रॉस्को असं दिसलं की तोंडावर विचारतो, चूक की मुद्दाम? चूक असेल तर फुकट दुरुस्त करतो, मुद्दाम असेल तर गप्प छापतो. ओडमबाई म्हणाल्या, मुद्दाम. तो पोरगा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, पत्रक उघडलं, बोट फिरवत नावं वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून खिशात ठेवलं आणि उठून गेला. दफनानंतरच्या जेवणालासुद्धा थांबला नाही. मी एवढी मॅकरोनी केली होती. आपल्या लोकांची ही रीत मला कधी पटली नाही. पत्रकातून वगळलेला माणूस पेटीतल्याहून जास्त मेलेला असतो.

आणि ख्रिसमसचं काय घेऊन बसलीस? रॉस्को दर ख्रिसमसला दुकान बंद करतो आणि दोन जानेवारीला उघडतो. तुझा बापही तसलाच होता. दुकान चालू आहे, ठणठणीत आहे.

जेवत जा. म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी हेझलीन आत्या

ब्रुकलिन
३ जून १९९७

ती. रॉस्कोदादास,
शि. सा. न. वि. वि., आणि एक विनंती जास्तीची.

एका मोठ्या मासिकाने माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ऑगस्टच्या अंकात छापायचं ठरवलं आहे. देशभर जातो तो अंक. बाबांचा दुकानासमोर उभा असलेला फोटो पाठव ना, तो कडेला कुत्रा असलेला. प्रकरणाचं प्रूफ पाठवू का? मिस व्हिटलॉक म्हणतात की घरच्यांना छापून आल्यावरच दाखवावं, घरची माणसं प्रत्येक ओळीत स्वतःला शोधतात. तू सांगशील तसं करीन. अगदी हवंच असेल तर पाठवते.

घाईत आहे. राग नसावा, लोभ असावा.
व्हर्निटा

डेटन
९ जून १९९७

चि. व्हर्निटास, आशीर्वाद.

फोटो पाठवला आहे. कुत्रा आपला नव्हता, शेजारच्या न्हाव्याचा होता. तसं लिही.

प्रूफ नको. अर्ध्या भाजलेल्या पावाचा तुकडा मी खात नाही. बांधलेलं पुस्तक हातात येईल तेव्हा वाचीन. शिवाय मी प्रूफ वाचायला लागलो तर तुझ्या मोठ्या प्रकाशकाच्या प्रूफवाल्यांची नोकरी जाईल, आणि कोणाच्या पोटावर पाय आणण्याची मला हौस नाही.

शनिवारसाठी पुढचं कपाट रिकामं केलं आहे. पोस्टर स्वतः जुळवलं, जुन्या लाकडी खिळ्यांत. हेझलीन आत्या गोड म्हणून पीच कॉब्लर करणार आहे. वाचनमंडळांना सांगून झालं.

बाकी सर्व यथास्थित. लोभ मागच्या पत्रातला पुढे चालू धरावा.
रॉस्को

डेटन
१७ ऑगस्ट १९९७

चि. व्हर्निटास,
आशीर्वाद द्यायला हात उचलत होते, अर्ध्यात थांबला आहे.

पोरी, हे काय केलंस? सोमवारी ओडमबाई रॉस्कोच्या दुकानात झाकलेलं भांडं घेऊन आल्या. तळलेलं चिकन. त्याने विचारलं कोण गेलं, तर त्या म्हणाल्या, दुकान गेलं ना, मासिकात वाचलं, फार रडले. तो गल्ल्यामागे उभा होता, दार उघडं होतं, दिवे लागलेले होते! त्या म्हणाल्या, अरे, मग आवराआवर चालू आहे वाटतं. भांडं ठेवून गेल्या. पुस्तक एक नाही घेतलं.

मग रांगच लागली. कोणी दाराशी फुलं ठेवली. दुसऱ्या राज्यातून एक गोरं जोडपं आलं, पाटीखाली फोटो काढला, आणि दार उघडं बघून त्यांचा चेहरा असा पडला की जणू रॉस्कोने त्यांना फसवलं. मिस्टर ड्युलेनींनी पत्रकांचं काम मॉलजवळच्या झेरॉक्सवाल्याला देऊन टाकलं. म्हणाले, वाईट वाटलं रॉस्को, पण मेलेल्यांना थांबवता येत नाही, तू आधी सांगायला हवं होतंस. घरमालकाने तर मासिक खिशातच ठेवलं होतं. जागा पगाराचे चेक कमिशनवर वटवून देणाऱ्या एका दुकानदाराला कबूल करून बसला आहे. रॉस्को म्हणाला की मी बंद केलेलं नाही, तर मालक म्हणाला की तुझ्या बहिणीपेक्षा तुला जास्त माहीत आहे का.

मी ते प्रकरण वाचलं. फार सुंदर लिहिलंस, हेच तर दुःख आहे. मीही रडले आणि मग स्वतःलाच चापट मारली. शेवटची ओळ, सूर्योदय १९४९, सूर्यास्त १९९७. तुझ्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलीने फोन यायच्या आधी तारीख जुळवली? एप्रिलमध्ये मी तुला लिहिलं होतं.

रॉस्को ओडमबाईंचं चिकन खातो आहे. चांगलं झालं होतं.

माया आहे, पण आज शोधावी लागते आहे.
हेझलीन आत्या

ब्रुकलिन
२६ ऑगस्ट १९९७

ती. रॉस्कोदादास,
शि. सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरोखर वाकून केला आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. तुझ्याच तोंडचं मी लिहिलं. वसंतात कुलूप लावतो हे तू सगळ्यांसमोर म्हणालास. आत्याचं पत्र एप्रिलमध्ये आलं तेव्हा प्रकरण हातावेगळं झालं होतं. मी बाईंना जाऊन सांगितलं की दुकान चालू आहे. त्या म्हणाल्या की चालू दुकानासाठी कोणी रडत नाही. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, दादा. वीस वर्षं लिहिलं ते तू आणि आत्या सोडून कोणी वाचलं नाही. मी प्रूफ पाठवू का विचारलं होतं. सगळ्या गावाचं प्रूफ वाचणारा माणूस, त्याला बहिणीचंच वाचायचं नव्हतं! त्यात माझा काय दोष?

आणि खरं सांगू का, हे दोन वर्षांनी झालंच असतं. मी तुझ्या दुकानाला असं मरण दिलं की देशभर लोक हळहळले. नाहीतर ते कोणाच्या नकळत गेलं असतं.

शनिवारचं सांगायचं आहे. प्रकाशकाने विक्रीचा कार्यक्रम मॉलमधल्या दुकानात ठेवला. मी वाद घातला. पण पुस्तकात जे दुकान बंद झालं, तिथे पुस्तकाची विक्री ठेवली तर पत्रकार विचारतील, असं ते म्हणाले. तू ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवायला सांगितली आहे.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
व्हर्निटा

डेटन
१९ ऑक्टोबर १९९७

चि. व्हर्निटास.

त्या शनिवारी मी मॉलमध्ये आलो होतो. तू सांगितलंस तसा कोट घातला होता. पहिल्या रांगेत गेलो नाही, कॉफीच्या टेबलांमागे उभा राहिलो. तू चांगलं वाचतेस. आपली सगळी वाचनमंडळं आली होती, ज्यांना मी सांगून ठेवलं होतं तीच, एकूण एक. सूर्यास्ताची ओळ आली तेव्हा शंभर माणसांनी डोळे पुसले. त्यांत माझ्या दुकानातून कधी पुस्तक घेतलेल्या बायका मी बोटांवर मोजू शकलो, आणि बोटं उरली. ओडमबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, धीर धर, देव एक दार लावतो तेव्हा. पुढचं त्या विसरल्या. मॉलची पिशवी त्यांच्या मनगटाला लटकत होती आणि माझ्या गुडघ्यावर आपटत होती. मी एक प्रत पूर्ण किमतीला घेतली आणि बाहेर पडलो.

पुस्तक वाचलं. शुद्धलेखन चोख आहे. दुकान पान २३१ वर मरतं. पाटी निळी छापली आहे.

काल आपलं दुकान बंद झालं. या वेळी घरमालकाचा फोन आला होता, म्हणून तारीख जुळवली. शेवटचं काम म्हणून दुकानाचं स्वतःचं पत्रक छापलं, चांगल्या कागदावर, बाबांच्या ट्रेडलवर. सोबत एक प्रत आहे. संध्याकाळी चर्चच्या तळघरात रीतसर जेवण झालं. आपली अख्खी वेस्ट साइडची वस्ती आली, रेव्हरंड बोलले, आपला पैसा आपल्याच माणसांत वगैरे. भांडी चाटूनपुसून गेली. पुस्तकांची खोकी दाराशी ठेवली होती, आवडेल ते फुकट न्या अशी पाटी लावून. जाताना लोकांनी उरलेला कॉब्लर नेला.

पत्रकात 'त्याच्या पश्चात' खाली दोन नावं आहेत. हेझलीन पेटिफर्ड, बहीण, आणि रॉस्को पेटिफर्ड, मुलगा. कारण बाबांचं दुकान म्हणजे बाबाच. तिसरं नाव तू शोधशील आणि तुझ्या मनात प्रश्न येईल म्हणून आधीच सांगतो. प्रूफ मी तीन वेळा वाचलं. चूक नाही, मुद्दाम.

कळावे. लोभाची ओळ या वेळी जुळवलेली नाही.
रॉस्को पेटिफर्ड

ब्रुकलिन
८ डिसेंबर १९९७

ती. रॉस्कोदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी शाळेत गेले नाही. ओडमबाईंच्या त्या सावत्र मुलाचं काय झालं असेल, तेच डोक्यात घोळत राहिलं. तुला जे करायचं होतं ते तू अचूक केलंस. नेहमीसारखंच.

हे लिहावं की नाही, याचा फार दिवस विचार केला. पत्रक माझ्या टेबलावर होतं, ते मिस व्हिटलॉकनी पाहिलं. त्यांना ते फारच आवडलं. कागद, खिळ्यांचा दाब, सगळं. उन्हाळ्यात पुस्तकाची स्वस्त आवृत्ती निघते आहे, तिच्या शेवटच्या पानावर ते जसंच्या तसं छापावं असं त्यांचं म्हणणं आहे, तुझं नाव देऊन. विचार कर दादा, तुझी छपाई देशभर जाईल. बाबांची छपाई.

फक्त एवढंच, की वाचकांचा घोटाळा होईल. अख्खं पुस्तक मुलीने लिहिलं आणि शेवटी मुलगीच नाही. म्हणून त्या म्हणतात की 'त्याच्या पश्चात' खाली माझं नाव घालून एक प्रत पुन्हा काढून मिळाली तर बरं. मीही म्हणते. त्यांच्यासाठी नाही तर नाही, माझ्यासाठी. तू विचारतोस ना प्रत्येकाला, चूक असेल तर फुकट दुरुस्त करतोस. ती चूक होती असं समज. एकदाच.

लोभ नसला तरी ओळ तेवढी जुळव.
तुझीच धाकटी,
व्हर्निटा

डेटन
१५ डिसेंबर १९९७

चि. व्हर्निटास, आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुरुस्ती करून देता येत नाही. ट्रेडल भंगारवाल्याने नेलं, खिळे वजनावर गेले, आणि दुकान बंद आहे. तुझ्या पुस्तकात पान २३१ वर तसं छापलेलंच आहे. आता त्यात चूक राहिलेली नाही.

एक राहिली आहे. पाटी हिरवी होती. स्वस्त आवृत्तीत तेवढं दुरुस्त करून घे.

कळावे.
रॉस्को